मोकळ्या जागेचे मोल

इ. स. २०२० चा मार्च महिना सरत आला होता. मुंबईच्या उद्यानांत वसंत ऋतू नेहमीप्रमाणे अवतरला होता. करंजाला पोपटी पालवी फुटली होती, पिंपळाची तांबूस पाने उन्हात चमकत होती आणि उंबराच्या शेंड्यावर बसून तांबट पक्षी आपला ‘टुक् टुक्’ असा ठोका एकसारखा देत होता. उणीव होती ती फक्त माणसांची. पहाटे फिरावयास येणारी वृद्ध मंडळी, झोपाळ्यासाठी भांडणारी मुले, झाडाखाली पुस्तक उघडून बसणारे विद्यार्थी यांपैकी कोणीच तेथे दिसत नव्हते. फाटकांना कुलपे लागली होती. कोविड नावाच्या नव्या रोगाने साऱ्या जगाला ग्रासले होते. ११ मार्च रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ही महासाथ असल्याचे जाहीर केले आणि २५ मार्चपासून सर्व भारतात टाळेबंदी सुरू झाली.

ज्या बागेवरून माणसे रोज सहज जात-येत असत, ती बाग आता खिडकीतूनच पाहावी लागत होती. हवा, पाणी आणि आरोग्य यांची किंमत ती दुर्लभ झाल्यावाचून माणसाला कळत नाही. मोकळ्या जागेचेही तसेच आहे. मात्र मुंबईला हा धडा पहिल्यानेच मिळत नव्हता. या शहरातील काही बागा तर एका जुन्या साथीमुळेच जन्मास आल्या होत्या.

ती साथ प्लेगची. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी काही रोग्यांना तपासले आणि प्लेग शहरात शिरल्याचे प्रथम ओळखले. मांडवी ही धान्याच्या कोठारांची वस्ती. धान्याच्या मागोमाग उंदीर येत. घरे एकमेकांना चिकटून उभी होती. एकेका खोलीत अनेक माणसे दाटीवाटीने राहत आणि कित्येक खोल्यांत ना ऊन पोहोचे, ना वारा. रोग पाहता पाहता पसरला. लाखो लोक घाबरून शहर सोडून गेले. पुढे साथ पुण्यातही पोहोचली. तेथे रोग्यांची सेवा करीत असता सावित्रीबाई फुले यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

प्लेगचा जंतू उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत माणसापर्यंत येतो, हे त्या वेळी कोणास ठाऊक नव्हते. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी ते दाखवून दिले. पण सर्वांना पटण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. तोवर अंधार, दाटी आणि कोंदट हवा हेच रोगाचे मूळ, असे बहुतेकांचे मत होते. हे मत पूर्णपणे बरोबर नव्हते; परंतु त्यातून जो उपाय सुचला तो मात्र हितकारक ठरला. १८९८ मध्येच सरकारने ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ म्हणजे नगर सुधारणा मंडळ स्थापन केले. या मंडळाने शहराच्या गर्दीतून वाट काढीत रुंद रस्ते नेले आणि तेव्हा शहराबाहेर समजल्या जाणाऱ्या दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत नव्या वसाहती आखल्या. इमारती बेताच्या उंचीच्या असाव्यात, दोन घरांमध्ये अंतर असावे, रस्त्यांच्या दुतर्फा झाडे असावीत आणि वस्तीच्या मध्यभागी बागा असाव्यात, असा त्या आखणीचा हेतू होता. दादर-माटुंग्याची पाच बागांची जोडसाखळी ही याच आखणीची देणगी. मंडळातील अभियंते मंचेरजी जोशी यांच्या नावाने आज ती ‘पंच उद्यान’ म्हणून ओळखली जाते.

या कथेला दुसरी बाजूही आहे. जुन्या वस्त्या पाडल्या गेल्या तेव्हा त्यांतील अनेक गरीब कुटुंबांना नव्या वसाहतींत जागा मिळाली नाही. ती दुसऱ्या दाट वस्त्यांत जाऊन राहिली. बाग असलेल्या वस्तीत सर्वांनाच राहता येत नाही, हे तेव्हाही खरे होते आणि २०२० मध्येही खरेच होते. ज्यांच्या घराला अंगण होते त्यांनी टाळेबंदी अंगणात काढली. ज्यांचे सारे कुटुंब दहा बाय दहाच्या खोलीत राहत होते त्यांना दाराबाहेरची गल्ली हेच अंगण होते. म्हणूनच सर्वांसाठी खुले असलेले सार्वजनिक उद्यान हे श्रीमंतीचे भूषण नसून गरिबाच्या घराचा वाढीव भाग आहे, असे म्हटले पाहिजे.

पुढे ३ जून २०२० पासून महाराष्ट्रात पहाटे ५ ते सायंकाळी ७ या वेळात मोकळ्या जागी चालणे, धावणे व सायकल चालविणे यांस परवानगी मिळाली. अट अशी की, गर्दी करावयाची नाही. मोकळ्या जागेला ही सवलत देण्यामागे शास्त्रीय कारण होते. रोगी माणूस बोलतो, खोकतो किंवा शिंकतो तेव्हा त्याच्या तोंडावाटे असंख्य सूक्ष्म थेंब बाहेर पडतात व त्यांबरोबर रोगाचे विषाणूही हवेत येतात. बंद खोलीत हे कण साचून राहतात. उघड्यावर वारा त्यांना पांगवितो. त्यामुळे उघड्यावर लागणीचा धोका पुष्कळच कमी असतो. तथापि तो अजिबात नसतो असे नाही. म्हणून सुजाण नागरिक तोंडावर मुखपट्टी बांधून आणि एकमेकांत सहा फुटांचे अंतर राखून फिरू लागले. एका वाटेवर गर्दी दिसली तर ते दुसरी वाट धरीत आणि आपले चालणे आटोपले की बाक अडवून न बसता दुसऱ्यासाठी जागा मोकळी करीत. उद्यानाचा आनंद घेण्याची ही रीत केवळ साथीच्या काळातच नव्हे, तर एरवीही शोभून दिसणारी आहे.

हिरवाईने मनाला बरे वाटते, हा निव्वळ कवींचा समज नाही. रॉजर उल्रिच या संशोधकांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका रुग्णालयाच्या नोंदी तपासून त्यांचा निष्कर्ष १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रोग्यांच्या त्या नोंदी होत्या. त्यांपैकी निम्म्यांना खाटेवरून खिडकीबाहेरची झाडे दिसत, तर उरलेल्यांना विटांची भिंत. झाडे दिसणारे रोगी थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदना शमविणारी तीव्र औषधेही कमी लागली. ज्या वर्षी लक्षावधी माणसे घरात कोंडली गेली, त्या वर्षी खिडकीतून दिसणारे एखादे झाडही औषधाइतके मोलाचे वाटले असेल, यात नवल नाही.

त्या दिवसांत आणखी एक गोष्ट घडली. मोटारी थांबल्या, भोंगे बंद झाले आणि शहराला पाखरांचे आवाज ऐकू येऊ लागले. सकाळी दयाळाची शीळ, दुपारी तांबटाचा ठोका, संध्याकाळी पोपटांच्या थव्याचा कलकलाट हे सारे एकाएकी स्पष्ट झाले. पक्षी मोठ्याने गाऊ लागले की काय, असे लोकांना वाटले. खरी गोष्ट उलट असू शकते. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या परिसरात शास्त्रज्ञांनी एका जातीच्या चिमणीचे गाणे २०२० च्या वसंतात ध्वनिमुद्रित केले व ते आधीच्या वर्षांतील गाण्याशी ताडून पाहिले. शांततेत ती चिमणी पूर्वीपेक्षा हळू आवाजात गात होती. तरीही तिचे गाणे अधिक दूरवर पोहोचत होते. रहदारीच्या गोंगाटात आपला आवाज जोडीदाराला ऐकू जावा म्हणून एरवी त्या इवल्याशा जिवाला ओरडावे लागत होते, असा याचा अर्थ.

टाळेबंदीत निसर्ग शहरात परत आला, असेही पुष्कळांनी म्हटले. ठाण्याच्या खाडीकाठी उतरलेल्या रोहित पक्ष्यांची गुलाबी छायाचित्रे त्या वर्षी घरोघर पाहिली गेली. पण रोहित पक्षी तेथे दर वर्षीच येतात. बागेतले दयाळ आणि तांबटही कोठे गेले नव्हते. ते येथेच होते. त्यांच्याकडे पाहण्यास माणसाला वेळ नव्हता इतकेच. साथीने निसर्गाला नव्हे, तर माणसाच्या लक्षाला परत आणले.

असे लक्ष देऊन पाहिले म्हणजे ध्यानात येते की, बाग ही केवळ झाडांची रांग नसून ती एक वसाहत आहे. तेथे प्रत्येकाला घर हवे असते, अन्न हवे असते आणि शेजारही हवा असतो. जास्वंदीच्या किंवा अडुळशाच्या फुलात बाकदार चोच घालून शिंजीर मध पितो आणि जाता जाता परागकण एका फुलावरून दुसऱ्या फुलाकडे नेतो. त्याची मादी कोळ्याच्या जाळ्याचे धागे, गवत आणि सालीचे तुकडे यांची थैली विणून ती बारीक डहाळीला टांगते. तेच तिचे घरटे. शिंपी पक्षी मोठ्या पानाच्या कडांना चोचीने भोके पाडतो व कापसाच्या आणि कोळिष्टकाच्या धाग्याने त्या टाचून पानाचा द्रोण करतो. तांबट वाळक्या फांदीत चोचीने ढोली कोरतो आणि उंबर, वड, पिंपळ यांची फळे खाऊन त्यांच्या बिया गावभर पेरतो. परसातील कढीलिंबाच्या पानावर फुलपाखराची मादी इवलेसे अंडे घालते. त्यातून निघालेली लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे भुकेला पक्षीही तिच्याकडे दुर्लक्ष करतो. काही आठवड्यांत त्याच अळीचे फुलपाखरू होऊन उडून जाते. लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढणारे ‘ब्लू मॉरमॉन’ हे काळे-निळे फुलपाखरू तर २०१५ पासून महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आहे.

या वसाहतीतील सर्वांत परिचित रहिवासी म्हणजे चिमणी. भारतातील थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांच्या आयुष्याला वळण मिळाले तेही एका चिमणीमुळे. त्यांचा जन्म मुंबईत, प्लेगच्याच वर्षी, १८९६ मध्ये झाला. लहानपणी त्यांच्या छर्‍याच्या बंदुकीने टिपलेली एक चिमणी त्यांना वेगळी वाटली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणत्या जातीची, हे विचारण्यासाठी तो मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेत गेला आणि तेथील पक्ष्यांचा संग्रह पाहून पाखरांच्या अभ्यासाकडे कायमचा ओढला गेला.

ही चिमणी शहरातून दिसेनाशी का होते, याचे उत्तर पुन्हा जागेशी येऊन भिडते. जुन्या घरांत कौलांखाली, वाशांच्या सांध्यांत, भिंतीवरील तसबिरींच्या मागे तिला घरट्यासाठी जागा मिळे. सिमेंटच्या सपाट भिंती आणि काचेच्या खिडक्या यांत अशी फट उरत नाही. दुसरे असे की, मोठी चिमणी धान्य टिपत असली तरी तिची कोवळी पिले धान्यावर वाढत नाहीत. त्यांना अळ्या आणि किडेच भरवावे लागतात. बागेत विषारी औषध फवारले की अळ्या मरतात आणि पिलांची चोच रिकामी राहते. म्हणजे अंगणात मूठभर दाणे टाकले तरी चिमणीचे खरे दुःख हरत नाही. दाटीच्या वस्तीत माणसाला ज्याची वाण पडली होती, त्याचीच वाण चिमणीलाही पडली आहे. दोघांनाही जागा हवी आहे.

हे तत्त्व ध्यानी आले म्हणजे बागेतील जीवांना मदत कशी करावी, हे सहज समजते. पहिली मदत पाण्याची. चैत्र-वैशाखात पाखरांना पिण्यास आणि नाहण्यास पाणी मिळत नाही. त्यांच्यासाठी मातीचे पसरट भांडे ठेवावे. पाणी दोन बोटांहून खोल असू नये आणि मधमाश्यांनाही बसता यावे म्हणून त्यात एखादा खडबडीत दगड असावा. मांजर दबा धरून बसेल अशा आडोशाजवळ ते ठेवू नये. पाणी रोज बदलावे व भांडे घासून घ्यावे. साचलेल्या पाण्यात सुमारे आठवडाभरात डासांची नवी पिढी तयार होते आणि पाखरांच्या सेवेतून शेजाऱ्यांना डेंग्यूचा ताप मिळणे कोणालाच आवडणार नाही.

दुसरी मदत झाडांची. कढीलिंब, लिंबू, तुळस, अडुळसा, जास्वंद ही झाडे कुंडीतही वाढतात आणि प्रत्येक झाड कोणा ना कोणाचे अन्नछत्र असते. कढीलिंबाची चार पाने अळीने कुरतडली तर ते झाडाचे नुकसान न समजता फुलपाखराने दिलेले भाडे समजावे. तिसरी मदत म्हणजे थोडी अस्वच्छता खपवून घेणे. वाळलेला पाचोळा जाळून टाकण्याऐवजी बागेच्या एका कोपऱ्यात साठू द्यावा. त्याखाली गांडुळे, भुंगे आणि सापसुरळ्या आश्रय घेतात, पावसाळ्यात बेडूक येतात आणि कालांतराने त्याचेच काळे, भुसभुशीत खत होते. जाळलेल्या पाचोळ्यातून मात्र धुराखेरीज काही हाती लागत नाही. आणि फुफ्फुसाच्या रोगाची साथ असताना तो धूर कोणाला बाधेल, हे सांगावयास नको. चौथी मदत घराची. सुमारे सव्वातीन सेंटिमीटर व्यासाचे भोक असलेली लाकडी पेटी मांजराच्या आवाक्याबाहेर, सावलीत टांगली तर चिमणीची जोडी तिचा स्वीकार करू शकते. ती एका वर्षात आली नाही तरी पेटी तशीच राहू द्यावी.

मदतीचा हात कोठे आखडावा, हेही समजले पाहिजे. उडावयास शिकणारे पिलू जमिनीवर दिसले की मुले कनवाळूपणाने त्याला घरी आणतात. बहुधा त्याचे आईबाप जवळच असतात आणि त्याला भरवीतही असतात. माणूस दूर झाला की ते येतात. फार तर पिलाला अलगद उचलून जवळच्या फांदीवर ठेवावे आणि तेथून निघून जावे. घरट्यात डोकावण्यासाठी फांदी वाकवू नये. पाव, फरसाण, खारे शेंगदाणे हे पाखरांचे अन्न नव्हे. एकाच ठिकाणी धान्याच्या राशी ओतल्या तर कबुतरांचे थवेच्या थवे जमतात, लहान पाखरांना तेथे थारा मिळत नाही आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ माणसांच्या फुफ्फुसांना अपाय करते. पोपटाला पिंजऱ्यात ठेवणे हे प्रेम नसून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे. दया आंधळी असली की ती ज्याच्यावर करावयाची त्यालाच जड होते.

एवढ्या सगळ्यासाठी मोठी बाग असावी लागते असे नाही. चाळीच्या कठड्यावर ठेवलेली एक तुळस आणि पाण्याचे एक भांडे ही देखील बागच होय. पाखराला एका सज्जावरून दुसऱ्या सज्जाकडे, तेथून रस्त्यावरच्या झाडाकडे आणि तेथून उद्यानाकडे जाता आले म्हणजे या तुकड्यांची मिळून एक मोठी बाग होते. पण या साखळीतील मुख्य दुवा सार्वजनिक उद्यान हाच आहे. तो निखळला तर कुंड्यांतील फुलांना फुलपाखरे भेटणार नाहीत आणि मुलांना खेळावयास गल्लीवाचून जागा उरणार नाही.

५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. त्यापूर्वीच उद्यानांची फाटके उघडली होती, झोपाळे पुन्हा कुरकुरू लागले होते आणि रस्त्यावरील गोंगाटाने दयाळाची शीळ पुन्हा झाकून टाकली होती. संकट टळले की माणूस त्याने शिकविलेले विसरतो. शहरात मोकळी जमीन दिसली की तिच्यावर काय बांधता येईल, याचा हिशेब करणारे पुष्कळ असतात. ती मोकळीच का राहिली पाहिजे, हे सांगणारे थोडे. त्या थोड्यांत आपली गणना व्हावी असे ज्याला वाटत असेल त्याने आपल्या उद्यानातील झाडे नावानिशी ओळखावीत आणि तेथील पाखरांशी परिचय ठेवावा. ज्याची ओळख असते त्याचीच माणूस काळजी वाहतो. मांडवीच्या अंधाऱ्या खोल्यांनी शहराला जे शिकविले, तेच कुलूपबंद फाटकांनी पुन्हा शिकविले: मोकळी जागा ही शहरात उरलेली जागा नव्हे, ती राखून ठेवलेली जागा आहे. तिच्यावर माणसाचा जेवढा हक्क आहे, तेवढाच उंबरावर बसून ठोका देणाऱ्या तांबटाचाही आहे.